आधी नाव, मग एक वाक्य

“तिला काय विचारायचं? ती नुसती ऐकायला येते.”

हे मी जिन्यात ऐकलं. बोलणारा अनंत होता, आणि ‘ती’ म्हणजे मी. वरच्या खोलीत मंडळाची बैठक सुरू व्हायची होती. दत्तूभाऊ त्याला एवढंच म्हणाले होते, “मुलींच्या खोलीचा विषय आहे, नलिनीताईंना पण विचार की.” त्यावर त्याने हे उत्तर दिलं. आवाजात राग नव्हता, कुचेष्टाही नव्हती. खिडकीतून बाहेर बघून आज उकडतंय म्हणावं, तसं तो बोलला.

मी तिथेच कठड्याला धरून उभी राहिले. कठड्यावर पिठाचा थर होता. खाली दळणाची गिरणी होती, त्यामुळे त्या जिन्यात नेहमी गरम ज्वारीचा वास यायचा. वर दुसरा विषय निघाला तशी मी उरलेल्या पायऱ्या चढले आणि आत्ताच आल्यासारखी आत गेले. अशा गोष्टी मला चांगल्या जमत.

हे आठवायचं कारण म्हणजे परीक्षा पुन्हा जवळ आल्या आहेत. सकाळचा गारवा संपला, लालबागच्या कोपऱ्यावर कलिंगडाच्या फोडी दिसायला लागल्या, चाळींतली पोरं शिमग्यासाठी मोडकी खोकी आणि फळ्या पळवू लागली, की माझ्या डोक्यात परीक्षा हा शब्द येतो. माझ्या स्वतःच्या परीक्षा संपून काही वर्षं झाली. काल ट्राममध्ये समोर एक मुलगी बसली होती. मांडीवर पुस्तक उलटं ठेवलेलं, ओठ हलत होते, आवाज नव्हता. भायखळ्याला ती उतरली तेव्हा ओठ हलतच होते. कुठला धडा ते कळलं नाही, पण कसा पाठ होतोय ते कळलं. घरात मोठ्याने वाचायची सोय नसली की माणूस असा वाचतो.

त्या वर्षी मी नुकतीच बी. ए. झाले होते आणि गिरगावातून परळला मंडळाचे इंग्रजी अर्ज टाइप करायला येत होते. कॉलेजातल्या एका बाईंनी पाठवलं म्हणून आले, आणि मग येतच राहिले. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, असं माझं लहानपण गेलं. दोन्हीकडे कमी बोलून भागत असे. मंडळात मात्र भागत नव्हतं.

ते तरुणांचं मंडळ होतं. काम सांगायला सोपं होतं. चाळीतल्या मुलामुलींनी आपलं म्हणणं उभं राहून मांडायला शिकायचं. नळाला पाणी येत नाही, जिन्यातला दिवा गेलाय, संडासाचं दार मोडलंय, तर कुठल्या कचेरीत जायचं, कोणाला भेटायचं, खुर्ची दिली तर बसायचं की उभं राहायचं. दत्तूभाऊ मंडळाचे चिटणीस होते. दिवसा एका विमा कंपनीत कारकून, संध्याकाळी इथे; बैठका मात्र शनिवार-रविवारी दुपारी. मूळचे मालवणकडचे, वडील कापडाच्या गिरणीत. त्यांनी मंडळाला दोन नियम घालून दिले होते. पहिला, बैठक संपताना प्रत्येकाने उभं राहून आधी आपलं नाव सांगायचं, मग एक वाक्य बोलायचं. दुसरा, शिष्टमंडळ घेऊन जायचं तेव्हा ज्याचं दुखणं त्यानेच बोलायचं. बरोबर गेलेल्या कार्यकर्त्यांनी तोंड उघडायचं नाही.

“आपण बोललो की काम लवकर होतं,” ते म्हणत. “पण पुढच्या वेळी ती माणसं साहेबाकडे जायची सोडून आपल्याकडेच येतात. मग एक साहेब होता, तिथे दोन झाले.”

नव्या माणसाला सवलत होती. वाक्य सुचलं नाही तर त्याने नाव सांगून ‘ऐकलं’ म्हणायचं आणि खाली बसायचं. ही सवलत सुरुवातीच्या दोनचार बैठकांपुरती होती. मी ती थंडीभर वापरली.

माझी अडचण भित्रेपणाची होतीच, पण तेवढीच नव्हती. मनात वाक्य यायचं ते इंग्रजीत. मग त्याचं मराठी करायचं, मग ते पुस्तकी वाटायचं, मग त्यातला एखादा शब्द काढून चाळीतला शब्द घालायचा. माझं वाक्य तयार होईपर्यंत विषय दोन वळणं पुढे गेलेला असे. त्यात खालची गिरणी. ती चालू असताना सगळे मोठ्याने बोलत, आणि ती थांबली की एकदम शांततेत सगळेच ओरडताना सापडत. मग सगळे हसत. मी कधी सापडले नाही.

“नलिनीताई, तुमचं ‘ऐकलं’ चांगलं असतं,” सुमन एकदा मला म्हणाली. “पण ऐकून तुम्हाला काय वाटलं, ते समजत नाही.”

सुमन नायगावच्या बीडीडी चाळीतली. माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. आदल्या वर्षी मॅट्रिकला इंग्रजीत गेली होती आणि पुन्हा बसणार होती. पास झाली तर नर्सिंगला घेतील अशी तिची चौकशी करून झाली होती. अर्ज टाइप करता करता मी तिला इंग्रजी शिकवायला लागले. अनंत छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. तो वाया गेलेले कागद आणून द्यायचा. एका बाजूला संयुक्त महाराष्ट्राच्या सभेची जाहिरात, शाई फाकलेली, आणि कोऱ्या बाजूला सुमनच्या अक्षरात गो, वेंट, गॉन. त्या दिवसांत परळमध्ये सगळ्याच कागदांची एक बाजू अशी भरलेली असायची.

एकदा मी तिच्या घरी गेले. एकच खोली, तिच्यात आईवडील, दोन भाऊ, वहिनी, तिची मुलं. मोठा भाऊ रातपाळी करून भिंतीकडे तोंड करून झोपला होता. घरात सगळे कुजबुजत बोलत होते, लहान मूलसुद्धा. दीक्षा घेतल्यावर देवांचा कोनाडा रिकामा झाला होता. तिथे आता सुमनची पुस्तकं होती, आणि वर भिंतीला बुद्धाची तसबीर. मी तिला धडा वाचायला सांगितला. तिने माझ्या कानाशी येऊन वाचला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही मुलगी सगळं इंग्रजी कुजबुजत शिकली आहे. एकही वाक्य तिने मोठ्याने म्हणून स्वतःच्या कानांनी ऐकलेलं नाही.

“रात्री?” मी विचारलं.

“रात्री बाहेर चाळीच्या बोळातल्या दिव्याखाली बसते. पण तिथं बाप्ये पत्ते खेळतात.”

मुलगे जवळच्या शाळेच्या ओट्यावर अभ्यासाला जात. तिथे महानगरपालिकेचा दिवा होता. काहीजण तिथेच झोपत. मुलींना तिथे जायची सोय नव्हती.

तिची आई चहा घेऊन आली. “घ्याल ना?” असं तिने विचारलं. प्रश्न साधा होता, पण विचारताना कपबशी तिने स्वतःच्याच हातात धरून ठेवली होती. मी हात पुढे केला. तिथेही मी काही बोलले नाही. मला वाटतं, ती एकच जागा अशी होती जिथे बोलायची गरज नव्हती. मग ती खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “यंदा झाली तर झाली. हिच्या भावानं शब्द दिलाय एका ठिकाणी. नापास झाली की मे महिन्यात उरकायचं म्हणतो. पोरगा वाईट नाही.” सुमन पुस्तकात बघत होती. पान उलटत नव्हती.

अशा मुली प्रत्येक चाळीत होत्या. म्हणून बैठकीत विषय निघाला, की शाळेचा एक वर्ग संध्याकाळी फक्त मुलींसाठी उघडा ठेवावा. परीक्षेपर्यंत. एवढंच मागणं. पण ते दिवस एवढंच मागायचे नव्हते. नाक्यानाक्यावर फळ्यांवर बातम्या लिहिलेल्या असायच्या आणि त्यांच्यापुढे गर्दी. पहाटे प्रभातफेरी, संध्याकाळी सभा. गोळीबाराच्या दिवसांपासून माझ्या वडिलांनी एक नियम केला होता, की दिवे लागायच्या आत मी गिरगावात पाहिजे. ते फोर्टातल्या इंग्रज कंपनीत होते आणि मोर्च्याला भीत. मी त्यांच्या भीतीला हसू शकत नव्हते, कारण आमच्या गल्लीतली माणसंही त्या दिवसांत मेली होती.

“गल्लीगल्लीत मोर्च्याची तयारी चाललीय,” अनंत बैठकीत म्हणाला, “नि आपण काय मागायचं, तर एक खोली? आधी मराठी राज्य येऊ दे. मग आपल्याच माणसांकडे मागू. ते देतील.”

“देतील की,” सुमन म्हणाली. “राज्य येईल तेव्हा येईल. परीक्षा मार्चात आहे.”

खाली गिरणी चालू होती तरी हे सगळ्यांना ऐकू गेलं. अनंत तिच्याकडे बघत राहिला. त्या दिवशी शेवटच्या फेरीत तो उठला, नाव सांगितलं आणि म्हणाला, “मी बरोबर येईन.” मी उठले, नाव सांगितलं, आणि ‘ऐकलं’ म्हणाले.

मग सुमनने शाळाखात्याच्या साहेबांपुढे कसं बोलायचं, त्याची दर बैठकीत तालीम सुरू झाली. मंडळाची ही खास पद्धत. दत्तूभाऊ ट्रंकेवर बसून साहेब व्हायचे. अनंतची टोपी, कोणाचा तरी चष्मा. आठवडाभर खऱ्या साहेबाची बोलणी खात असल्यामुळे त्यांचा साहेब फार हुबेहूब व्हायचा.

“हं. काय पाहिजे? खोली? आणि बत्तीचा खर्च कोण देणार? तुझो बापूस?”

“साहेब, बत्तीचा खर्च म्हणाल तर ओट्यावर मुलांसाठी बत्ती जळतेच. एकीच्या दोन झाल्या तर…”

“मान वर कर गो बाय. फरशी काय परवानगी देणार नाय.”

“मान वर केली की हसू येतं. तुम्ही साहेब वाटतच नाही, दत्तूभाऊच दिसता.”

“मग हसून घे. तिथे नको हसू.”

बत्ती, शिपाई, चोरी, फळ्यावर कोणी काय लिहिलं तर, मुली अंधारात घरी कशा जाणार तर. साहेब जे जे काढू शकेल ते सगळं दत्तूभाऊंनी काढलं, आणि सुमनने प्रत्येकाचं उत्तर पाठ केलं. तिचा आवाज दर वेळी थोडा मोठा होत गेला. गंमत म्हणजे तिचं इंग्रजीही त्याबरोबर मोठं झालं. एकदा तिने धडा एवढ्या मोठ्याने वाचला, की गिरणीवाल्याने खालून “काय झालं?” म्हणून विचारलं. मी कोपऱ्यात टाइपरायटरशी बसून हे सगळं बघत होते. मला तिच्या तालमीत तिच्यापेक्षा जास्त घाम येत असे.

मी तेव्हा काय विचार करत होते, ते आता नीट आठवत नाही. टाइपरायटरची फीत कोरडी झाली होती हे आठवतं. शिमग्याला दत्तूभाऊ त्या वर्षी गावी गेले नाहीत, म्हणून त्यांच्या आईने त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं, तेही आठवतं. ते मधेच म्हणत, “आई आज ‘जेव’ म्हणाली. सुधारणा आहे.” लोक म्हणतात तो काळ भारलेला होता. असेल. मला त्यातलं पीठ, शाई आणि कोरडी फीत आठवते. मोठ्या गोष्टी होत असताना आपण बहुतेक वेळा एखादी लहान गोष्ट हातात धरून बसलेले असतो, आणि ती सोडवत नाही.

आता राज्य येणार हे नक्की झालं म्हणतात. परवा सुमन भेटली, परळच्या नाक्यावर, नर्सच्या पोशाखात. तिचा निकाल काय लागला हे तो पोशाख बघून कोणालाही कळेल, म्हणून ते लपवत नाही. तिने मला लांबूनच हाक मारली. रस्त्यावरच्या चार माणसांनी वळून पाहिलं. पण ज्या दुपारी आम्ही साहेबांकडे गेलो, त्या दुपारी हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. माहीत होती ती फक्त मे महिन्याची गोष्ट.

आम्ही चौघं होतो. सुमन, दत्तूभाऊ, स्वच्छ शर्ट घालून आलेला अनंत आणि मी. मला नेलं होतं ते साहेब इंग्रजीत बोलले तर समजावं म्हणून. नियमाप्रमाणे सुमन पुढच्या खुर्चीत, आम्ही तिघं मागे भिंतीशी बाकावर. अनंतच्या नखांतली शाई काही गेली नव्हती, म्हणून त्याने हात मांड्यांखाली घातले होते.

साहेब मराठीच बोलले. शाळाखात्यातले, पोक्त, थकलेले गृहस्थ. त्यांनी पंखा सुमनच्या बाजूला वळवायला सांगितला, तेव्हाच आम्ही थोडे गोंधळलो. दत्तूभाऊंच्या साहेबाने असं कधी केलं नव्हतं. सुमनने नाव सांगितलं, आणि मान वर ठेवून मागणं मांडलं.

“कल्पना चांगली आहे,” साहेब म्हणाले. “एक वर्ग उघडायला काय हरकत आहे? शाळेला कळवतो.”

इथे उठून नमस्कार करायचा होता. पण तालमीत साहेब कधीच हो म्हणाला नव्हता. आम्ही तिला प्रत्येक नकाराचं उत्तर शिकवलं होतं, होकाराचं काय करायचं ते शिकवायचं राहून गेलं होतं.

“साहेब,” सुमन म्हणाली, “बत्तीचा खर्च म्हणाल तर…”

“मी कुठे म्हणालो?”

“ओट्यावर बत्ती जळतेच. आणि शिपायाचा जादा वेळ म्हणाल तर किल्ली मंडळ सांभाळेल.”

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. माझ्या शेजारी दत्तूभाऊंचा पाय हलायला लागला. त्यांनी स्वतःच केलेल्या नियमाने त्यांना तोंड उघडता येत नव्हतं. सुमन मात्र थांबण्यापलीकडे गेली होती. इतके दिवस पाठ केलेलं सगळं तिच्या तोंडातून क्रमाने, स्वच्छ, न अडखळता येत होतं. इतकी सुंदर ती कधी बोलली नव्हती.

“आणि मुली अंधारात घरी कशा जातील म्हणाल, तर मंडळाचे कार्यकर्ते पोचवतील.”

“कार्यकर्ते,” साहेब म्हणाले. त्यांनी मागे बाकाकडे पाहिलं. दत्तूभाऊंकडे, मग अनंतकडे. “म्हणजे हे?”

अनंतने हात मांड्यांखालून काढले, आणि लगेच पुन्हा घातले.

“हे माझ्या लक्षात आलं नव्हतं,” साहेब म्हणाले. “बरं झालं बोललीस. रात्रीच्या वेळी मुली, आणि नेणार आणणार मुलगे. नाही, तुम्ही सज्जन असाल, मी नाही म्हणत नाही. पण मलाही मुली आहेत. उद्या कोणी काही बोललं तर खोली बंद होईल ती कायमची, आणि मुली घरी बसतील त्याही कायमच्या.” त्यांनी पेन पुन्हा उचललं. “एखादी शिकलेली, जबाबदार बाई रोज शेवटपर्यंत तिथे बसणार असेल, तर उघडतो. आहे का तुमच्यात अशी कोणी?”

याचं उत्तर सुमनला कोणी शिकवलं नव्हतं.

“साहेब, आम्ही बघतो,” दत्तूभाऊंनी शेवटी नियम मोडला. “कोणीतरी मिळेल. आठवड्याभरात येऊन सांगतो.”

“परीक्षा तोंडावर आलीय. आठवड्यानंतर तुम्हाला खोली कशाला हवी?”

पंखा फिरत होता. सुमनचा पदर उडत होता आणि ती तो धरत नव्हती. तिने मागे वळून पाहिलं नाही. माझ्या वडिलांचा नियम तिला माहीत होता, कारण दिवे लागायच्या आत मी ट्राम पकडायला पळते म्हणून तीच मला चिडवायची. तिने वळून पाहिलं असतं तर मी कदाचित खाली बघितलं असतं. अनंतने मात्र माझ्याकडे पाहिलं, आणि मग नजर काढून घेतली. त्यात काही अपेक्षा नव्हती. मी नुसती ऐकायला येते हे त्याला ठाऊकच होतं.

माझ्या मनात वाक्य आलं ते इंग्रजीत. मी त्याचं मराठी करायला घेतलं. ते पुस्तकी झालं. मग साहेबांनी कागद पुढे ओढला आणि आमच्याकडे बघून मान हलवली. तशी माणसं हलवतात, भेट संपली म्हणून. वडिलांचं तोंड माझ्या डोळ्यांपुढे आलं, ट्रामचा शेवटचा थांबा आला, आणि तो रिकामा कोनाडा, त्यातली पुस्तकं.

मी उभी राहिले. बाक करकरला. सगळ्यांनी वळून पाहिलं, आता सुमननेही. मंडळात जसं बोलतात तसं, आधी नाव, मग एक वाक्य, मी म्हणाले:

“मी नलिनी. शेवटची मुलगी घरी जाईपर्यंत मी रोज तिथे बसेन.”